मागच्या सीटचा डिस्प्ले

चार माणसांनी मिळून काही बनवायला घेतलं, की ती वस्तू तयार होवो न होवो, किस्से मात्र आधी तयार होतात. किश्शांना नटबोल्ट लागत नाहीत, परवानगी लागत नाही आणि कुरिअरमध्ये ते अडकत नाहीत. हुमनाबादजवळच्या दुबलगुंडी गावातल्या आमच्या शेडमध्ये विमानाचे पंख अजून खोक्यातच होते, तेव्हाच सांगण्यासारखं इतकं साठलं होतं, की पॉलिटेक्निकच्या स्टाफरूममध्ये मला माझा चहा कधी विकत घ्यावा लागला नाही. "कांबळे सर, मग विमानाचं काय?" एवढं कुणी विचारलं, की मी सुरू!

विमान खरं आहे, बरं का. परदेशातून सुट्या भागांचं किट मागवायचं आणि घरी जोडायचं, त्यातलं. दोन सीटचं, पण मोटारीसारखं शेजारी-शेजारी नाही, मोटारसायकलसारखं एकामागे एक. पुढे पायलट, मागे दुसरा माणूस. पुढची सीट रेणुकाची. ती विश्वनाथअप्पांची तिसरी, सगळ्यांत धाकटी मुलगी, फ्लाइंग क्लबात लोकांना विमान चालवायला शिकवते. मागची सीट खुद्द अप्पांची. मी मूळचा चिंताकीचा, पोटासाठी हुमनाबादला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून वायरिंग माझ्याकडे. पत्र्याचं सगळं काम यूसुफभाईंकडे, ज्यांची हयात ट्रकच्या बॉड्या बांधण्यात गेली.

अप्पा हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होते. विमानातली ती घड्याळं असतात ना, उंचीचं, वेगाचं, तेलाच्या प्रेशरचं, ती उघडायची, साफ करायची, तपासून परत बसवायची. सगळी नोकरी त्यात गेली. पण विमानात बसून वर मात्र ते एकदाही गेले नाहीत. "ज्या दिवशी फिटर लोकांना एक चक्कर मारून आणायचं ठरायचं, नेमकी त्याच दिवशी माजी सुट्टी मंजूर व्हायची!" असं ते हसत सांगायचे, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही.

त्यांच्या पत्नी शांताक्का. किट मागवायचं ठरलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं मीच माळवदावर उभारून तुमची वाट बघायले. आता एकदा तुमी वरून जावा अन् मला बघा."

घराला आता मातीच्या धाब्याऐवजी सिमेंटचा स्लॅब आहे, तरी अक्का त्याला माळवदच म्हणतात. अप्पांनी शब्द दिला. पुढचा सगळा खटाटोप त्या एका शब्दासाठी होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

*

सांगाडा उभा राहिला तेव्हा डिस्प्ले कुठे बसवायचे हे ठरवायला आम्ही पुठ्ठ्याचं पॅनल केलं. पुढच्या सीटसमोर एक, मागच्या सीटसमोर एक. त्यावर स्केचपेनने चौकोन काढले. अप्पा मागच्या सीटवर जाऊन बसले, हात कुठवर पोचतो, नजर कुठे पडते ते बघायला. बसले ते बसलेच! पंख नाहीत, चाकं नाहीत, इंजिन नाही; आणि अप्पा पुठ्ठ्याकडे टक लावून बसलेले.

अक्का शेडच्या दारात आल्या. "जेवायला उतरा."

"थांब जरा. उंचीवर हाय, उतरायला येळ लागंल."

अक्कांनी एकदा सांगाड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मग भाकरी वर पाठवू का?"

*

मागच्या सीटला डिस्प्ले हवाच कशाला, असा रेणुकाचा सवाल होता. विमान ती चालवणार, तिच्यासमोर सगळं दिसणार. मागच्याने आपलं खाली बघावं आणि मजा करावी.

"अप्पा, बसमधी मागं बसणाऱ्याला स्पीडोमीटर लागतो का?"

"मला लागतो!"

आणि ते खोटं नव्हतं. अप्पा हुमनाबादला येताना बसमध्ये कायम ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा धरतात आणि त्याच्या खांद्यावरून मीटर वाचत येतात. मधून मधून त्याला सांगतातही. "इंजिन गरम व्हायलंय, बघा." एकदा मी सोबत होतो. ड्रायव्हरने आरशातून अप्पांना पाहिलं, गाडी बाजूला घेतली आणि हात जोडले. "मालक, तुमीच चालवता का?"

"न्हाई बाबा," अप्पा मनापासून म्हणाले, "मला चालवायचं न्हाई. मला फकस्त कळालं पायजे."

हे वाक्य मला फार आवडतं. रेणुकाला आवडलं नाही, पण तिने हरकत मागे घेतली. मागच्या सीटला डिस्प्ले बसवायचा, तोही पुढच्यासारखा सगळं दाखवणारा, असं ठरलं.

*

इथपर्यंत ठीक होतं. मग इंजिन बसवायची पूजा आली आणि पूजेला जावई आले!

अप्पांचे दोन जावई, रेणुकाच्या थोरल्या दोन बहिणींचे नवरे. थोरले चंद्रकांतराव, उदगीरला डाळमिल. धाकटे संदीपराव, हैदराबादला सॉफ्टवेअर. दोघंही सज्जन, दोघंही हौशी. आमच्याकडे वास्तुशांतीला आहेर करतात तसा विमानालाही करावा, असं दोघांच्याही मनात आलं. आणि सासऱ्यांना चकित करायचं म्हणून कुणी कुणाला विचारलं नाही. टॉवेल-टोपी, नारळ आणि त्यावर एकेक खोकं.

विमानात दोन गोष्टी सतत कळाव्या लागतात. विमान कसं चाललंय आणि इंजिन कसं चाललंय. थोरल्यांनी इंजिनचा डिस्प्ले आणला होता, धाकट्यांनी उड्डाणाचा. मंडळी म्हणाली, "वा, जोडी जमली!" मी खोक्यांवरची नावं वाचली आणि माझा चेहरा पडला. कंपन्या वेगळ्या. या कंपनीचा डिस्प्ले त्या कंपनीच्या डिस्प्लेकडून काहीही घेत नाही, त्याला काही देत नाही. म्हणजे मागच्या सीटला ज्या कंपनीचा डिस्प्ले लावाल, तेवढंच मागे दिसणार. एक तर अप्पांना इंजिन दिसेल, नाही तर उड्डाण. दोन्ही नाही.

"परत पाठवू," मी हळूच म्हणालो. "कंपन्या घेतात परत. फक्त खोकं फोडलेलं नको."

मागे वळून पाहतो तर अक्कांनी दोन्ही खोकी उघडून, दोन्ही डिस्प्लेंच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढून, वर हळदीची बोटं उमटवली होती.

तरी मी नेट लावला. थोरल्यांच्या डिस्प्लेचा फोटो काढून कंपनीला पाठवला आणि बदलून मिळेल का विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसाचा फोन. बिचारा काळजीत होता. "सर, युनिटवर लाल रंगाचं कोणतं केमिकल सांडलंय? युनिटला आणखी काही त्रास?"

"केमिकल शुभ आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

*

आता प्रश्न आला मानाचा. पुढच्या पॅनलवर दोन्ही डिस्प्ले मावत होते, पण मध्यभागी, पायलटच्या नजरेसमोर एकच बसतो. आणि मागच्या सीटला डिस्प्ले बसणार तोही एकाच कंपनीचा. मग मधे कुणाचा आणि कडेला कुणाचा?

जावई भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत, नम्र झाले! "दाजी थोरले हायत, त्यांचा मधी लावा," धाकटे म्हणाले. "छे छे, संदीपरावांचा भारीतला हाय, आमचा ऱ्हाऊ द्या कडंला," थोरले म्हणाले. दोघं गेले आपापल्या गावी, आणि मग लेकींचे फोन सुरू झाले.

थोरलीचा फोन आला, की यूसुफभाई इंजिनच्या डिस्प्लेसाठी मधे भोक पाडायचे. मधलीचा आला, की त्यावर पट्टी मारून दुसऱ्या मापाचं पाडायचे. मापं वेगळी, स्क्रूच्या जागा वेगळ्या, पाठीमागचे प्लगसुद्धा वेगळे. एकदा त्यांनी तो पत्रा उजेडासमोर धरला आणि पलीकडून माझ्याकडे पाहिलं.

"सर, ये पॅनल नै रहा जी, छन्नी हो गया! लेव, ज्वारी छान लेव."

*

तेव्हा मी पुढे सरसावलो. शेवटी मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. "दोन्हींच्या मधे एक डबी बसवतो," मी जाहीर केलं. "याची माहिती त्याला समजेल अशी करून देईल. कुणाचं काही बदलायला नको!"

अप्पांना कल्पना पटली. पुढचे काही रविवार मी त्या डबीत डोकं घालून होतो. अखेर तिला जोडलं, चाचणीपुरता उड्डाणाचा डिस्प्ले मागच्या सीटसमोर बांधला, चाकांना दगड लावले आणि शेडच्या दारात इंजिन चालू केलं. अप्पा मागच्या सीटवर, डोळ्यांवर चष्मा, हातात पक्कड.

थोड्या वेळाने ते ओरडले, "सर! आपण वर जायलाव!"

मी धावत गेलो. मागच्या डिस्प्लेवर उंचीचा आकडा खरोखरच चढत होता. विमान जाग्यावर, दगड जाग्यावर, अक्कांची शेळी चाकाला टेकून रवंथ करतेय. आणि आकड्याप्रमाणे आम्ही दुबलगुंडीच्या पुष्कळ वर! माझ्या डबीने तेलाचं तापमान उंचीच्या जागी नेऊन बसवलं होतं. इंजिन तापेल तसं विमान चढत होतं.

मी इंजिन बंद केलं. तेल हळूहळू निवत गेलं, आकडा हळूहळू उतरत गेला. अप्पा शेवटपर्यंत बसून राहिले. मग खाली उतरले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"लँडिंग मातर लई मऊ झालं, सर!"

ती डबी माझ्या कपाटात आहे. विद्यार्थ्यांना मी ती दाखवत नाही.

*

गाडं असं रुतलं, की रेणुका एका रविवारी चिडून म्हणाली, "अप्पा, मागचा डिस्प्ले सोडा. पुढचं माजं मी बघते. येत्या हिवाळ्यात उडू."

"आंधळ्यागत मागं बसणार न्हाई मी."

"मग कदी बसणार? गुडघे बघा तुमचे. आत्ताच सीटवर चढायला यूसुफभाईंचा खांदा लागायलाय."

 ते खरंच होतं. दर महिन्याला अप्पांचं चढणं थोडं अवघड होत होतं, आणि विमान पूर्ण व्हायच्या आधी माणूसच अडायचा ही भीती आम्ही सगळे गिळून बसलो होतो. अक्काही तिथेच होत्या. त्यांनी आंब्याच्या दिवसांत दोन्ही जावयांना रसाला बोलावलं.

जेवणं झाली. रसाची वाटी परत भरताना अक्का थोरल्यांना म्हणाल्या, "जावईबापू, नांदायला गेलेल्या दोन लेकींना मी साड्या कशा घेते ठाऊक हाय का?"

"न्हाई, अक्का."

"एका दुकानातनं, एका गठ्ठ्यातल्या, एका रंगाच्या. म्हंजे कुणी कुणाकडं बघायचं न्हाई." मग धाकट्यांच्या वाटीत रस ओतला. "एवढी साधी गोष्ट तुमा शिकलेल्या दोघांला कामून कळंना? जावा, दोघं मिळून एका दुकानातनं एकसारखे टीव्ही आना."

दोन्ही जावई आयुष्यात पहिल्यांदा एकत्र खरेदीला बसले. एकाच कंपनीचे डिस्प्ले आले. पुढे दोन, मागे एक, सगळे एकमेकांची माहिती घेणारे. आहेर दोघांच्या नावाने एकच. यूसुफभाईंनी नवा पत्रा कापला आणि तो कुणाला हात लावू दिला नाही.

पण आधीच्या आहेराचा मान राखायला हवा होता. थोरल्यांचा इंजिनचा डिस्प्ले अप्पांनी ट्रॅक्टरला बसवला! तूर पेरताना आता अप्पांना प्रत्येक सिलिंडरची तब्येत कळते. धाकट्यांचा उड्डाणाचा डिस्प्ले जीपला लागला. वळण आलं, की त्यावरचं आभाळ तिरकं होतं. कोहिनूरला, अक्कांच्या माहेरी, आम्ही त्या जीपमधून गेलो तेव्हा अप्पा गाडी चालवता चालवता सारखे त्यातच बघत होते.

"आवो, रस्ता बघा!" अक्का ओरडल्या. "तेच्यात काय बघायलाव? समोर म्हैस हाय!"

"उंची बरुबर दाखवायलाय," अप्पा म्हणाले. म्हैस आपणहून बाजूला झाली.

*

नवे डिस्प्ले एका कंपनीचे असले, तरी त्यांच्यातलं सॉफ्टवेअर एकाच आवृत्तीचं हवं, नाही तर तेही एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. ते उतरवून घ्यायला इंटरनेट पाहिजे, आणि शेडमध्ये बोलण्यापुरती रेंज, नेट नाही. नेट फक्त अक्कांच्या माळवदावर. मग मी बॅटरी, वायरी आणि डिस्प्ले घेऊन वर गेलो. वर अक्कांच्या कुरडया वाळत होत्या. उरलेल्या जागेत मी डिस्प्ले मांडले.

"सर, बसलाच हाव तर कावळे हाकला," अक्का काठी देऊन खाली गेल्या.

दुपारभर मी डोक्याला टॉवेल गुंडाळून काठी घेऊन बसलो होतो. रस्त्यावरून माझाच एक विद्यार्थी चालला होता. त्याने वर पाहिलं, ओळखलं, नमस्कार केला. "सर, काय वाळायला घातलंय?"

"अपडेट!" मी म्हणालो.

तो मान डोलावून निघून गेला. एक कुरडई कावळ्याने नेली, त्याबद्दल अक्कांनी मला अजून माफ केलेलं नाही.

*

रेणुकाने एकटीने सगळ्या चाचण्या उडवून पाहिल्या. साहेब लोक येऊन बघून गेले, परवानगी आली. मग तो दिवस उगवला. विमान फ्लाइंग क्लबच्या धावपट्टीवर होतं, अप्पांना यूसुफभाईंनी खांदा देऊन मागच्या सीटवर चढवलं होतं, आणि मी दुबलगुंडीला अक्कांसोबत माळवदावर. रेणुका निघताना मला फोन करणार होती.

अक्कांनी लाल काठाचं हिरवंगार इरकल लुगडं नेसलं होतं. "वरून नीट दिसंल न्हवं?" त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. मी म्हणालो, कोहिनूरपासून दिसेल.

विमान आलं. आधी आवाज, मग पंख. रेणुकाने घरावरून सावकाश चक्कर घेतली, मग आणखी एक. अक्का दोन्ही हात वर करून उभ्या. पदर वाऱ्यावर गेला तरी त्यांनी हात खाली घेतले नाहीत. 

संध्याकाळी जीप दारात आली. अप्पा उतरले. चेहरा असा फुललेला, की गुडघे दुखायचे विसरले होते. अक्का ओट्यावर उभ्या होत्या.

"दिसले का मी?"

अप्पांचं हसू जागीच थांबलं. "त्याचं काय झालं..." ते चष्मा पुसायला लागले. "घर आलं त्याच येळंला तेलाचं टेम्परेचर जरा वर जायलतं..."

"आई," रेणुका म्हणाली, "अख्ख्या फेरीत मान वर केली न्हाई ह्यांनी! मागनं मलाच उंची सांगायलते! मी दोनदा म्हनले, अप्पा, खाली बघा, आई उभी हाय. तर म्हनले, थांब, प्रेशर बघू दे."

यूसुफभाई जीपच्या चाकाकडे बघायला लागले. मी आकाशाकडे.

अक्का वळल्या. आत गेल्या, पानं वाढली. अप्पांच्या ताटात तूप नेहमीपेक्षा जास्तच वाढलं, आणि तेच आम्हाला सहन होईना. अप्पा खाली मान घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी मला धावपट्टीवर बोलावून घेतलं. वायरिंगचं काही बिघडलं असेल म्हणून मी पिशवी घेऊन गेलो. रेणुका पुढे बसली होती, अप्पा मागे, पट्टे आवळून तयार. मी आत वाकलो. मागच्या डिस्प्लेवर अक्कांचा एक कोरा खण पसरून चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी मारलेली होती.

"अप्पा, हे काय?" रेणुकाने मान वळवली. "एवढं वरीसभर ह्याच डिस्प्लेसाठी..."

"तुजा चालू हाय न्हवं? तू बघ." मग अप्पा माझ्याकडे वळले. "सर, घरला फोन लावा. म्हनावं, कालचंच लुगडं नेसून माळवदावर थांब."